न तुटलेला बोल्ट

भाऊंच्या गॅरेजात गाडी लावली की काम चोख होणार, यात कुणाला शंका नव्हती. पण कामाबरोबर भाषणही ऐकावं लागणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. टायरवाल्याच्या दुकानामागे बोळात त्यांची पत्र्याची लांबट शेड होती. मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने, आणि कोपऱ्यात एक जुना पत्र्याचा डबा. गाडीच्या सस्पेन्शनचे, म्हणजे गाडी चाकांवर जिच्या आधारानं तोललेली असते त्या सगळ्या जोडणीचे, काढलेले बोल्ट त्या डब्यात जायचे. ते पुन्हा कुठल्याही गाडीला लागायचे नाहीत.

"भाऊ, हा बोल्ट चांगला दिसतोय की," एखादा गिऱ्हाईक म्हणायचा.

"दिसायला मीही धडधाकट आहे. म्हणून काय मला धावायच्या शर्यतीत उतरवणार?" असं म्हणून भाऊ सुरू व्हायचे. हा बोल्ट आवळताना आतून ताणला जातो. एकदा ताणला की तो पहिल्यासारखा होत नाही. पुन्हा आवळला तर वरून घट्ट वाटतो, पण आतून त्याच्यात जीव उरलेला नसतो. काढला की बदलायचा, विषय संपला. तरुणपणी भाऊंनी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम केलं होतं, तिथे हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यात चुकीचंही काही नव्हतं. बऱ्याच गाड्यांच्या कंपन्या हेच सांगतात.

हे भाषण न ऐकणारा गॅरेजात एकच माणूस होता, त्यांचा मेहुणा. बहिणींच्या पाठीवर झालेला शेवटचा, म्हणून घरात त्याला बारक्या म्हणत. नावाला बारक्या, उंची अशी की शेडच्या दारातून आत येताना मान वाकवायला लागायची. त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तो बहिणीकडे चार दिवस म्हणून आला आणि राहिलाच. कारखान्यात त्यानं लेथवर आयुष्याची उमेदीची वर्षं घातली होती. लोखंड त्याच्याशी बोलायचं म्हणा ना. बोल्ट हातात घेतला की आधी तो आट्यांवरून अंगठा फिरवायचा, मग नट दोन बोटांनी फिरवून बघायचा, आणि मग उजेडाकडे धरून दांडा बघायचा.

"दाजी, सगळेच बोल्ट ताणायचे नसतात," तो म्हणायचा. "काही पुन्हा चालतात. आणि नवा आहे म्हणून डोळे मिटून लावायचा, हेही काही खरं नाही. बघून ठरवावं."

"बघून ठरवायला तुझ्या डोळ्यांत काय यंत्र बसवलंय?"

"डोळ्यांत नाही, बोटांत आहे थोडंफार."

"मग बोटं कंपनीला पाठव. ते नवीन नियम छापतील."

दुपारी डबा उघडून दोघं समोरासमोर बसले की हीच जुगलबंदी चालायची. टायरवाला मुद्दाम आपला डबा घेऊन ऐकायला यायचा. भाऊंची बायको दोघांसाठी एकच मोठा डबा भरायची आणि म्हणायची, "एकाच डब्यात जेवतात म्हणून निदान अर्धा वेळ तोंडं बंद असतात." भांडण कधी मनाला लागलं नाही. बारक्याला भाऊंचा दरारा वाटायचा आणि भाऊंना बारक्याच्या हाताचं मनातून कौतुक होतं. फक्त ते त्यांनी कधी तोंडानं बोलून दाखवलं नाही. दाखवायचं राहूनच गेलं.

मोठ्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान होतं. त्याच्या मालकाला सगळे चष्मेवाले म्हणत. साठीकडे झुकलेला, मृदू बोलणारा माणूस. चष्म्याच्या काडीतला तो राईएवढा स्क्रू चिमट्यात धरून ते असे बसवायचे की समोरचा बघत राहावा. त्यांची गाडी खड्ड्यात गेली की पुढच्या डाव्या बाजूनं खडखड आवाज यायला लागला, म्हणून त्यांनी गाडी भाऊंकडे लावली.

भाऊंनी गाडीखाली उतरून बघितलं. चाकाला खालून धरणारा जो लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याची रबरी बुशं फाटली होती. आर्म काढायचा, बुशं बदलायची, पुन्हा बसवायचा. दोन बोल्टांवर तो गाडीला धरलेला असतो, एक पुढे, एक मागे. भाऊंनी नेहमीच्या दुकानातून दोन नवे बोल्ट मागवले. चकचकीत पाकीट आलं. पुढचा बोल्ट भाऊंनी स्वतः बसवला, पान्यानं मोजून आवळला, आणि "मागचा तू घे" असं सांगून ते वर आले, कारण बोळाच्या तोंडाशी एक टेम्पोवाला भोंगा वाजवून त्यांना हाका मारत होता.

टेम्पोवाल्याशी बोलताना खड्ड्यातून बारक्याचा आवाज आला. "दाजी, हा नवा बोल्ट हाताला बरा वाटत नाहीये. नट अडकत अडकत जातोय."

"बोल्ट आहे का पेरू, हाताला बरा वाटायला?" भाऊ तिकडूनच म्हणाले. टेम्पोवाला हसला. भाऊही हसले आणि पुढे टेम्पोच्या क्लचबद्दल बोलत राहिले.

खाली बारक्यानं काय केलं, ते त्यांनी विचारलं नाही. चष्मेवाले संध्याकाळी आले, गाडी चालवून बघितली, खडखड गेली होती. "तुमचा हात लागला की गाडी बरी होते," असं म्हणून ते घरी गेले.

त्यानंतर बरेच दिवस गेले. चष्मेवाले आणि त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, शहराबाहेर नातेवाइकांकडे निघाले होते. घाटाचा उतार संपता संपता गाडीचं पुढचं डावं चाक एकदम आत मुडपलं. गाडी फरफटत जाऊन मोरीच्या कठड्यावर आदळली. काकूंना मुका मार लागला. चष्मेवाल्यांचा उजवा हात स्टिअरिंग आणि दाराच्या मधे सापडला.

भाऊ आणि बारक्या दोघंही तातडीनं तिथे गेले. तोवर जखमींना दवाखान्यात नेलं होतं आणि पोलिसांनी गाडी रस्त्याच्या कडेला ओढून ठेवली होती. डावी बाजू चेपून जमिनीला टेकलेली, चाक बोनेटखाली घुसलेलं, आर्म वाकडातिकडा होऊन बाहेर आलेला. भाऊ उकिडवे बसले, वाकले, पण पत्रा इतका खाली बसला होता की आतलं धड काही दिसेना. आर्म जागेवरून सुटलाय एवढं मात्र स्पष्ट होतं.

"बोल्ट गेला," भाऊ पुटपुटले.

बारक्याचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. तो म्हणाला, "दाजी, मागचा बोल्ट मी जुनाच लावला होता. साफ करून, बघून. नवा मला..."

पुढचं त्यानं सांगितलं असेल, पण भाऊंच्या कानात ते शिरलं नाही. एवढी वर्षं ज्या गोष्टीवरून आपण घसा कोरडा केला, तीच गोष्ट आपल्याच गॅरेजात, आपल्याच घरच्या माणसाकडून घडली. त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. उत्तर तयार होतं, मग गाडी उचलून खालून बघायचं कुणाला सुचणार?

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात काकू बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की हात राहील, पण बोटांचं सांगता येत नाही. भाऊंची बायकोही धावत आली होती. आजूबाजूला इतर पेशंटांची माणसं होती. तिथे, सगळ्यांसमोर, भाऊ बारक्याकडे वळून म्हणाले,

"बघ. तुझी बोटं हुशार ना? तुझ्या त्या हुशारीपायी एका माणसाची बोटं गेली."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर कदाचित बरं झालं असतं, रागाच्या भरात बोलून गेले असं तरी म्हणता आलं असतं. बारक्या मान खाली घालून उभा होता. एकदाच त्यानं बहिणीकडे बघितलं. ती "अहो, इथे नको," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बारक्या बॅग भरून निघाला. बहिणीनं दारात त्याचा दंड धरला तेव्हा तो म्हणाला, "ताई, मला इथे श्वास घेववत नाही." भाऊ आतल्या खोलीत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते बाहेर आले नाहीत. जाऊ दे, डोकं थंड झालं की येईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

तो आला नाही.

भाऊ प्रामाणिक माणूस होते, निदान त्यांची स्वतःची तशी समजूत होती. चष्मेवाले घरी आल्यावर ते त्यांना भेटायला गेले आणि हात जोडून म्हणाले, "आमच्याच माणसानं जुना बोल्ट लावला. मी नवा दिला होता, त्यानं लावला नाही. मला माफ करा." चष्मेवाल्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं लाकडासारखी ताठ झाली होती. त्यांनी कसली तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "तो काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? निघून गेला."

"अस्सं," चष्मेवाले म्हणाले आणि खिडकीतून मागच्या अंगणात बघत राहिले. मोडकी गाडी तिथे आणून ठेवली होती. ती भंगारात द्यावी असं सगळे म्हणत होते, पण ते "बघू" म्हणायचे आणि विषय टाळायचे. तो चिमटा आता त्यांना धरता येईना. दुकान त्यांनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं.

वर्षं गेली. भाऊंच्या भाषणाला आता एक गोष्ट जोडली गेली होती. "एका बोल्टाची कंजुषी नडते," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. "माझा सख्खा मेहुणा होता. हात सोन्यासारखा. पण नको तिथे शहाणपणा केला, आणि एका भल्या माणसाचा धंदा बसला." ऐकणारा मुकाट्यानं नवे बोल्ट लावून घ्यायचा. नवीन मेकॅनिक मंडळीही ही गोष्ट एकमेकांना सांगायला लागली. भाऊंना लोक अजूनच मानायला लागले.

घरात मात्र ही गोष्ट कधी निघाली नाही. बायको पूर्वीसारखीच सगळं करायची, बोलायची, पाहुण्यांत हसायची. पण बारक्याचं नाव निघालं की ती उठून काहीतरी काम काढायची. तिचा आणि भावाचा अधूनमधून फोन व्हायचा, भाऊ घरी नसताना. त्याचं लग्न झाल्याचं भाऊंना तिच्याकडून कळलं, तेही सगळं उरकल्यावर. "मला सांगितलं नाहीस?" असं त्यांनी विचारलं. "सांगून तुम्ही गेला असता?" ती म्हणाली.

चष्मेवाले आजारपणात गेले. त्यानंतर काही महिन्यांनी काकूंनी घर आवरायला काढलं. त्या आता मुलीकडे राहायला जाणार होत्या. त्यांनी भाऊंना निरोप धाडला की ती गाडी तेवढी घेऊन जा, मला ती डोळ्यांसमोर नको.

भाऊ सकाळी जॅक, पाने आणि रॉकेलची बाटली घेऊन गेले. अंगणात गाडी चारही टायर बसून जमिनीत रुतली होती. वेलांनी तिच्या टपावर बस्तान मांडलं होतं आणि मागच्या सीटवर मांजरीनं संसार थाटला होता. ओढून न्यायची तर मुडपलेलं चाक आधी सुटं करायला हवं होतं. भाऊंनी दोन जॅक लावून पुढची बाजू उचलली, लाकडी ठोकळे सरकवले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीखाली गेले.

आधी त्यांचा हात मागच्या बोल्टाला लागला. तो जागेवर होता. भाऊंना वाटलं, आपली काहीतरी गफलत होतेय. त्यांनी फडक्यावर रॉकेल घेतलं आणि चिखल, गंज पुसून काढला. बोल्टाच्या डोक्यावर एक पिवळी रेघ दिसली, ती डोक्यावरून सरळ खाली शेजारच्या पत्र्यावर उतरली होती. बोल्ट आवळून झाला की बारक्या रंगाची अशी एक रेघ ओढायचा. बोल्ट पुढे तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच कळतं. ही रेघ तुटली नव्हती. आर्म वाकला होता, पत्रा फाटला होता, पण तो जुना, साफ करून लावलेला बोल्ट होता तिथे आवळलेला होता.

भाऊ सरपटत पुढच्या बाजूला गेले. तिथे भोकात बोल्टाचा नुसता बुंधा अडकलेला होता. त्यांनी तो पक्कडीनं ओढून काढला आणि बाहेर येऊन उन्हात धरला. चांगलं लोखंड तुटताना आधी ताणतं, बारीक होतं. हा तसा तुटला नव्हता. बिस्किट मोडावं तसा सपाट मोडला होता. डोक्याकडचा तुकडा आर्मच्या खाचेत सापडला. त्याच्या डोक्यावरचे कंपनीचे आकडे वाकडे आणि उथळ होते, कुणीतरी घाईनं ठोकल्यासारखे. नवा होता, पण नकली होता. त्याच पाकिटातला दुसरा बोल्ट एका माणसाच्या बोटांनी ओळखला होता आणि बाजूला ठेवला होता. हा पहिला भाऊंनी स्वतः बसवला होता, आट्यांवरून एकदाही बोट न फिरवता.

ते तिथेच मातीत बसले. ज्या दुकानातून ते पाकीट आणलं होतं, ते केव्हाच बंद झालं होतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकत. बोल दुकानदाराला लावायचा विचार त्यांच्या मनात आला आणि गेलाही. नकली माल कुणाच्याही हातून लागू शकतो. पण ज्यानं सांगितलं होतं त्याला आपण पेरूचा विनोद ऐकवला होता.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. भाऊंचा चेहरा बघून त्या जवळच्या पायरीवर टेकल्या. भाऊंनी दोन्ही हातांतले तुकडे दाखवले आणि सगळं सांगितलं. सांगताना शब्द मागेपुढे होत होते. त्या ऐकत राहिल्या.

"हे नेहमी म्हणायचे," त्या शेवटी म्हणाल्या, "त्या उंच पोराला एकदा बोलवा. त्याचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. गाडीसुद्धा त्यासाठीच ठेवली होती त्यांनी. तो आला तर त्याला बघता येईल म्हणून."

"मग मला का नाही बोलले?"

"बोलले होते की पहिल्याच दिवशी. तो काय म्हणतो, असं विचारलं होतं तुम्हाला."

भाऊंनी मान हलवली. पाण्याचा तांब्या पायरीवर तसाच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला बसवून सांगायला सुरुवात केली. ती वाळलेले कपडे घडी करत होती. पहिली दोन वाक्यं ऐकून तिला कळायचं ते कळलं. हातातला शर्ट तिनं नीट घडी करून ठेवला, वरून हात फिरवला.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "मला माहीतच होतं."

"तुला कसं माहीत?"

"बोल्टाचं मला काय कळतंय. पण तो बघितल्याशिवाय काही लावत नाही, एवढं मला माहीत होतं. त्याला जाऊन सांगा."

बारक्या ज्या शहरात राहत होता तिथे जायला बसनं अर्धा दिवस लागायचा. पत्ता बायकोनं दिला. भाऊंनी गाडीतून काढून आणलेले दोन्ही बोल्ट, अख्खा आणि मोडका, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवले. मोठ्या बाजारात कापडाचं एक दुमजली दुकान होतं, बारक्या तिथे कामाला होता. भाऊ आत शिरले तेव्हा तो पांढऱ्या गादीवर गुडघे मोडून बसला होता आणि एका बाईपुढे कापडाचा गठ्ठा उलगडत होता. केस पिकले होते. कापडाची कड अंगठ्याखालून सरकवत तो म्हणत होता, "हे घेऊ नका, दोन धुण्यांत विरेल. ते बघा." भाऊ खांबाआड उभे राहिले. अंगठा तसाच फिरत होता.

त्याची नजर वर गेली. क्षणभर तो ओळखीचं हसला, मग हसू आवरलं. "दाजी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझ्याकडेच आलोय."

तो मालकाला सांगून त्यांना घरी घेऊन गेला. दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावरचं घर. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. भाऊ बसले ती खुर्ची करकरत डुलत होती. ती ओशाळून म्हणाली, "जरा जपून बसा हं. तिचा स्क्रू ढिला झालाय. सुताराला सांगितलंय, पण तो यायला तयार नाही. आमच्या यांना तर साधा खिळा ठोकता येत नाही."

भाऊंनी बारक्याकडे बघितलं. तो कपातल्या चहाकडे बघत होता. आपण कधीकाळी लेथ चालवली होती, गाड्या उघडून पुन्हा जोडल्या होत्या, हे त्यानं बायकोला सांगितलेलंच नव्हतं.

ती खाली भाजी आणायला गेली तेव्हा त्यांनी फडकं सोडलं आणि बोल्ट टेबलावर ठेवले.

"हा तुझा. हा माझा."

बारक्यानं आधी चहाचा कप बाजूला सरकवला. मग त्यानं अख्खा बोल्ट उचलला, पिवळ्या रेघेचा उरलेला अंश बघितला. तो ठेवून मोडका उचलला, आट्यांवरून अंगठा फिरवला. अंगठा मधेच थांबला.

"अडकतोय," तो हळूच म्हणाला.

"हो."

"म्हणजे ते माझ्यामुळे..."

"नाही. तुझ्यामुळे काहीच झालं नाही. तुझाच तेवढा टिकला. मी बघितलंच नाही रे. मी त्या दिवशी बघायला हवं होतं. चुकलो मी."

इतकी वर्षं हे वाक्य कुणापुढे बोलायची भाऊंना सवय नव्हती. ते बोलून झाल्यावर आता काय होईल, याचा त्यांनी बसमध्ये पुष्कळ विचार केला होता. बारक्या रडेल, चिडेल, त्यांना घराबाहेर काढेल. तसं काहीच झालं नाही. त्यानं विचारलं,

"चष्मेवाल्यांना कळलं का हे?"

"ते गेले. मागच्या वर्षी."

बारक्यानं मोडका तुकडा टेबलावर ठेवला. तो उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. "मी त्यांना मनातल्या मनात रोज सांगायचो," तो म्हणाला. "की मी बघून लावला होता. नीट बघून. मग वाटायचं, बघण्यातच माझी चूक झाली असेल. मग पाना हातात घ्यायची हिंमतच होईना. एकदा इथे नळ गळत होता, दाजी. साधा नळ. मी पाना धरला आणि तसाच खाली ठेवला. प्लंबर बोलावला."

"तू तेव्हा का नाही म्हणालास, की खालून बघू या?"

"घाबरलो. तुम्ही इतके खात्रीनं बोलत होता. मला वाटलं, बघितलं आणि खरंच माझा तुटलेला निघाला तर?" तो वळला. "तुम्ही तरी का नाही बघितलं?"

"मला खात्री होती म्हणून," भाऊ म्हणाले.



निघताना भाऊंनी विचारलंच, परत येशील का, शेड तुझीच आहे. बारक्यानं नकारार्थी मान हलवली. त्यात राग नव्हता. "ते हात आता राहिले नाहीत, दाजी. आणि कापडात मन रमतं. कापड चुकलं तर कुणाला लागत नाही." मोडका बोल्ट त्यानं भाऊंना परत दिला आणि अख्खा स्वतःजवळ ठेवून घेतला. बसपर्यंत सोडायला आला, पण खिडकीशी थांबून बोलत बसला नाही.

भाऊंनी गॅरेजात बोल्ट बदलायचं सोडलं नाही. कंपनी बदला म्हणते तिथे बदलायचेच. पण आता नवा बोल्ट आला की ते आधी तो हातात घेतात, नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघतात, डोक्यावरचे आकडे वाचतात. वेळ लागतो. जुन्या गिऱ्हाइकांनी मेहुण्याची गोष्ट काढली की ते मधेच तोडतात आणि खरी गोष्ट सांगतात. काहींना ती आवडत नाही. पहिली बरी होती, असं टायरवाला एकदा त्यांच्या तोंडावरच म्हणाला. ज्यांना आधीची सांगून झाली ते सगळे काही पुन्हा गॅरेजात येत नाहीत. ती गोष्ट अजून कुठे कुठे फिरत असेल, हे भाऊंना कळायला मार्ग नाही.

थंडी संपता संपता बारक्या बहिणीला भेटायला आला, बायकोला घेऊन. दोन दिवस राहिला. भाऊंनी आदल्या दिवशी शेड झाडून घेतली होती, पण त्या बोळात तो फिरकला नाही आणि भाऊंनीही चल म्हटलं नाही. जेवताना तो त्यांच्याशी हवापाण्याचं, रस्त्यांचं बोलला, पाहुण्यानं बोलावं तसं. हातावर पाणी घेऊन "दाजी, बसा तुम्ही," असं अदबीनं म्हणाला.

नंतर भावाबहिणीची मैफल स्वयंपाकघरात जमली. काहीतरी लहानपणचं निघालं असावं, कारण भाऊंच्या बायकोला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती हसत होती, मधेच ठसका लागला, तरी थांबेना. भाऊ बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसले होते. हे हसणं या घरात पूर्वी रोज असायचं, ते बंद झालेलं आपल्या लक्षातही आलं नाही, असं त्यांना वाटलं. आत जाऊन बसावं असं मनात आलं. ते दारापर्यंत गेले. मग आपण गेलो की हे थांबेल हे त्यांना कळलं, आणि ते आवाज न करता परत येऊन बसले.